दायमाबादचा छोटा रथ

इटलींतील तुरीन शहरच्या पोकेर नांवाच्या कारखान्यानें गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत एक मोठी पेटी विक्रीस आणली. तिच्यांत शर्यतीच्या एका जुन्या मोटारीचे शेंकडों सुटे भाग असत, आणि ते जुळवून त्या मोटारीची प्रतिकृति घरच्या घरीं उभी करावयाची असे. प्रमाण एकास आठ. म्हणजे मूळ गाडीच्या आठ इंचांना प्रतिकृतीचा एक इंच. मूळ गाडीहि साधी नव्हती. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील दिएप या गांवाजवळ २ जुलै १९०७ रोजीं ग्रां प्रीची शर्यत झाली. तींत फेलिचे नाझारो यानें फियाट कंपनीची जी गाडी पहिली आणली, तिचीच ही प्रतिकृति. सोळा लिटरांहून अधिक घनफळाचें चार नळकांड्यांचें इंजिन, मागच्या चाकांना फिरविणाऱ्या सांखळ्या, आणि वर छप्पर नाहीं कीं पुढें कांच नाहीं, असें तें धूड ७७० किलोमीटरांचें अंतर सुमारें पावणेसात तासांत तोडून गेलें. त्या शर्यतीचा एक नियम मोठा मार्मिक होता. दर १०० किलोमीटरांस ३० लिटरांपेक्षां अधिक इंधन कोणीहि जाळावयाचें नाहीं. नाझारोच्या टांकींत शेवटीं ११ लिटर शिल्लक होतें.

अशी पेटी विकत घेणारा गृहस्थ तिच्यापुढें महिनेच्या महिने बसतो. चाकाचे आरे जागच्या जागीं बसवितो, सांखळी दांत्यांवर चढवितो, आणि एखादा भाग बसेनासा झाला म्हणजे तो कानशीनें घांसून पुनः लावून पाहतो. त्याला ती मोटार चालवावयाची नसते. ती कशी चालत असेल हें त्याला बोटांनीं समजून घ्यावयाचें असतें. जें नुसतें पाहून कळत नाहीं तें जुळवितांना कळतें, आणि मूळ गाडी मोडीत निघाली तरी तिची रचना कोणाच्या तरी टेबलावर शिल्लक राहते.

हा छंद पश्चिमेकडचा व यंत्रयुगांतला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु माणसाला घेऊन धांवणाऱ्या वाहनाची मोठी व बारकाव्यांनीं भरलेली प्रतिकृति महाराष्ट्रांत प्रवरेच्या कांठीं बहुधा चार हजार वर्षांपूर्वींच झाली होती. आणि त्या हकीकतीचें एक टोंक नंदुरबार जिल्ह्यांत, तापीच्या तीरावर आहे.

तापीकांठीं सावळदा नांवाचें एक खेडें आहे. तेथें ज्या घाटाचीं रंगविलेलीं मडकीं प्रथम ओळखलीं गेलीं त्या मडक्यांवरून महाराष्ट्रांतील एका अतिप्राचीन शेतकरी समाजाला ‘सावळदा संस्कृति’ हें नांव पडलें. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून वेगळा झाला, त्यामुळें जुन्या ग्रंथांत हें गांव धुळें जिल्ह्यांत सांगितलेलें आढळतें. जवळच तापी व गोमई यांच्या संगमावर प्रकाशें आहे, तेथें बी. के. थापर यांनीं १९५४-५५ सालीं उत्खनन केलें. सावळदा घाटाचीं हीं मडकीं खानदेशापुरतीं राहिलीं नाहींत. दक्षिणेस प्रवरेच्या डाव्या तीरावर, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत, दायमाबाद म्हणून एक ओसाड गांव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडाच्या अगदीं तळच्या थरांत हींच मडकीं निघालीं. म्हणजे त्या टेकाडावर पहिली वस्ती केली ती या तापीकडच्या संस्कृतीच्या लोकांनीं, काळ इ. स. पूर्वीं सुमारें २२०० ते २०००. त्यांच्या वरचा थर उत्तर हडप्पा काळाचा, इ. स. पूर्वीं १८०० पर्यंतचा. त्याच्याहि वर आणखी तीन संस्कृतींचे थर आहेत, त्यांतील शेवटची जोर्वें संस्कृति.

दायमाबादच्या टेकाडाचा शोध १९५८ सालीं बी. पी. बोपर्डीकर यांनीं लावला आणि लगेच म. न. देशपांडे यांनीं तेथें पहिलें उत्खनन केलें. परंतु त्या स्थळाचें नांव देशभर झालें तें १९७४ सालीं, आणि तेंहि पंडितांच्या हातून नव्हे. तेथील एक भिल्ल शेतकरी झाडाचें मूळ खणून काढीत असतां त्याला जमिनींत धातूच्या चार वस्तु मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. चारींचें मिळून वजन ६० किलोंहून अधिक भरलें.

या आंकड्याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. त्या काळच्या दक्षिणेंत तांबें ही दुर्मिळ वस्तु होती. तें दूरवरून यावें लागे. ज्या जोर्वें गांवावरून पुढच्या संस्कृतीला नांव मिळालें तेथें तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, एवढ्यावरून त्या गांवाची कीर्ति झाली. रोजचीं हत्यारें तर दगडाच्या पातळ पात्यांचीं असत. अशा समाजांत कोणी तरी मणाहून अधिक धातु गोळा केला, आणि त्याच्या कुऱ्हाडी किंवा छिन्न्या न करतां चार प्रतिकृति केल्या!

रथ ४५ सेंटिमीटर लांब व १६ सेंटिमीटर रुंद आहे. दोन भरीव चाकें, त्यांच्या आंसावर हलकी चौकट, चौकटीपासून पुढें गेलेली लांब दांडी, तिच्या टोंकाला जूं आणि जुंवाला जोडलेले दोन बैल. बैलांच्या पायांखालीं धातूच्या पट्ट्या आहेत, पण पट्ट्यांना चाकें नाहींत. चौकटींत एक पुरुष उभा आहे. त्याची उंची १६ सेंटिमीटर. त्याच्या पुढें कठडा आहे आणि दांडीवर एक कुत्रा उभा आहे. हा कुत्रा मोठा बोलका आहे. रथाच्या रचनेला त्याची कांहींच गरज नव्हती. कारागिरानें तो घातला तो गाडीबरोबर जाणारा कुत्रा त्याच्या पाहण्यांतला असावा म्हणूनच, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

हें काम झालें कसें? त्याची रीत भारतांत पुढें फार काळ चालत आली. संस्कृतांत तिला मधूच्छिष्टविधान म्हणतात, मधूच्छिष्ट म्हणजे मेण. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत तिचें वर्णन केलें आहे. प्रथम मेणाची मूर्ति करावयाची. तिच्यावर मऊ मातीचा पातळ लेप द्यावयाचा, तो वाळला कीं जाड मातीचे लेप एकावर एक चढवावयाचे, आणि आंत जावयास व वारा बाहेर पडावयास नळ्या ठेवावयाच्या. मग सांचा तापवावयाचा. मेण वितळून निघून जातें आणि आंत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. तींत वितळलेला धातु ओतावयाचा. निवल्यावर मातीचा सांचा फोडला कीं मूर्ति हातीं येते. मेण आधीं तोलून ठेवलें तर धातु किती लागेल याचा हिशेबहि निघतो.

तुरीनची पेटी आणि प्रवरेची भट्टी यांतला फरक येथें दिसतो. पेटींतला भाग मोडला तर दुसरा मागवितां येतो. मेणाच्या रीतींत मेण गेलें, सांचा फुटला. जें निघालें तें निघालें. धातु मध्येंच गोठला, एखादा पाय किंवा जुंवाचा तुकडा भरला नाहीं, तर पुनः मेणापासून आरंभ. भरीव ओतकामांत धातु निवतांना आंखडतो तो धोका निराळाच. त्यांतून चाक फिरावयाचें असेल तर तें आंसापासून वेगळें घडवावें लागतें, आणि आंस भोंकांत बसला पाहिजे पण अडकतां कामा नये. ज्याला बैलगाडीचें चाक व आंस ठाऊक नाहीं त्याला हें जमणारें नव्हे. ओतारी आणि सुतार यांचें ज्ञान एका ठिकाणीं आल्यावांचून असा रथ होत नाहीं.

आतां प्रमाण पाहूं. रथांतील पुरुष १६ सेंटिमीटरांचा. खरा पुरुष सव्वापांच फुटांचा, म्हणजे १६० सेंटिमीटरांचा धरला तर प्रतिकृतीचें प्रमाण एकास दहा येतें. याच मापानें रथ बैलांसह साडेचार मीटर लांब व १६० सेंटिमीटर रुंद ठरतो. कोणत्याहि खेड्यांतील बैल जुंपलेल्या हलक्या छकड्याला हें माप जवळजवळ लागू पडतें. तुरीनच्या कारागिरांनीं एकास आठ हें प्रमाण मुद्दाम निवडलें, कारण त्याहून लहान केलें तर बारीक भाग दिसेनासे होतात. प्रवरेच्या कारागिरानें निवडलेलें प्रमाण त्यापासून फार दूर नाहीं. मात्र या हिशेबावर फार भार टाकूं नये. रेडा बैठकीसह ३१ सेंटिमीटर उंच आणि हत्ती २५ सेंटिमीटर! म्हणजे चारी वस्तु एका प्रमाणांत नाहींत, हें उघड आहे. रथापुरतें, एकाच वस्तूच्या पोटांत, माप जुळतें इतकेंच म्हणतां येईल.

मग हें वाहन धांवण्याचें कीं ओझ्याचें? माणूस उभा आहे आणि ओझें ठेवावयास जागा नाहीं. खळ्यावरून धान्य आणणारी गाडी अशी नसते. खानदेशांत व विदर्भांत शंकरपट आणि पश्चिम महाराष्ट्रांत बैलगाड्यांच्या शर्यती ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना हलकें साटें, लांब दांडी आणि तोल संभाळणारा हांकणारा हीं ओळखीचीं वाटतील. त्या शर्यती सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंद केल्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरांत त्यांना पुनः परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्राचा कायदा न्यायालयानें वैध ठरविला. तरी केवळ या साम्यावरून दायमाबादचा रथ शर्यतीचा होता असें ठासून सांगणें बरें नव्हे. त्याचीं चाकें भरीव आहेत. वेगाच्या रथाला आऱ्यांचें चाक लागतें. वेदांतील रथाला आरे आहेत व घोडे आहेत, आणि उरल पर्वताच्या बाजूला सुमारें इ. स. पूर्वीं २००० च्या थडग्यांत आऱ्यांच्या चाकांचे ठसे मिळाले आहेत. भरीव चाक जड. पण जड चाकाच्या गाड्याहि पळविल्या गेल्या आहेत. इराकांतील तेल अग्रब येथें देवळाच्या अवशेषांत तांब्याची एक चिमुकली गाडी मिळाली, जेमतेम तीन इंच उंचीची. तिला चार गाढवासारखे प्राणी जुंपलेले आहेत आणि हांकणारा तोल सांवरून आहे. ती दायमाबादच्याहून कितीतरी शतकें जुनी. हडप्पा व चन्हुदडो येथेंहि धातूच्या लहान गाड्या निघाल्या, मातीच्या तर पुष्कळच. त्या सर्वांपुढें आकारानें व वजनानें दायमाबादचा रथ मोठा आहे.

कांहीं अभ्यासकांनीं रथांतील पुरुषांत पशुपति शिवाचें पूर्वरूप पाहिलें आहे. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध मुद्रेवर योगासनांत बसलेल्या देवाभोंवतीं हत्ती, वाघ, गेंडा व रेडा आहेत. त्यांतील तीन दायमाबादला आहेत, वाघ नाहीं. हत्ती, गेंडा, रेडा यांच्या बैठकी चाकांसाठीं केलेल्या, त्यामुळें हीं दैवतें एखाद्या उत्सवांत ओढून मिरवीत असावे असाहि तर्क आहे. तो संभवनीय दिसतो. खेळणें म्हणून पोराच्या हातीं देण्याचें हें वजन नव्हे.

खरा वाद आहे तो काळाचा. वस्तु मिळाल्या त्या शेतकऱ्याला, झाडाच्या मुळाशीं. त्या कोणत्या थरांत होत्या, जवळ कसलीं खापरें होतीं, हें काढतेवेळीं कोणी टिपून ठेवलें नाहीं. तसें करण्याचें त्या शेतकऱ्याला कांहीं कारणहि नव्हतें. म. न. देशपांडे, एस. आर. राव, सा. अ. साळी, मधुकर ढवळीकर यांनीं परिस्थितीच्या पुराव्यावरून त्या उत्तर हडप्पा काळांतील ठरविल्या. द. प्र. अग्रवाल यांनीं धातूचें पृथक्करण पाहून शंका घेतली. त्यांत शेंकडा एकाहून अधिक सोमल, म्हणजे आर्सेनिक आहे. दक्षिणेच्या इतर ताम्रपाषाण वस्तूंत असें मिश्रण आढळत नाहीं. तेव्हां या वस्तु पुढच्या ऐतिहासिक काळांतील असाव्यात, असें त्यांचें म्हणणें. उलट पक्षीं, सिंधु खोऱ्यांतील कांहीं तांब्याच्या वस्तूंत सोमल सांपडतो. धातु जर तिकडून आला असेल तर हीच शंका उत्तर हडप्पा मताला पोषक होते. पारडें या दुसऱ्या बाजूला झुकतें असें दिसतें, पण तें स्थिर झालेलें नाहीं. प्रश्न लहान नाहीं. रथ त्या काळांतला ठरला तर प्रवरेकांठचे लोक केवळ नांगरट करणारे नव्हते, दूरचा धातु मिळविणारे व भट्टीवर असामान्य हुकमत असणारे होते, असें म्हणावें लागतें. नंतरचा ठरला तर दक्षिणेंतील पहिल्या शेतकऱ्यांच्या वाहनाविषयींचा सर्वांत मोठा साक्षीदारच नाहींसा होतो. लांकडाच्या गाड्या तर केव्हांच कुजून गेल्या.

१९७५-७६ ते १९७८-७९ या हंगामांत साळी यांनीं दायमाबादचें टेकाड मोठ्या प्रमाणावर खणलें. त्यांचा अहवाल भारतीय पुरातत्त्व खात्यानें १९८६ सालीं छापला. उत्तर हडप्पा थरांत सिंधु लिपीचीं अक्षरें असलेल्या मातीच्या मुद्रा, तशींच अक्षरें कोरलेलीं खापरें, आणि कच्च्या विटांनीं बांधून काढलेली एक कबर निघाली. दुसरा रथ मात्र निघाला नाहीं. आणि हत्तीच्या बैठकीला लागणारे आंस व चाकें, जीं त्या शेतकऱ्यालाहि मिळालीं नव्हतीं, तीं अद्यापि मिळालेलीं नाहींत.