लहान वीजघरांचें पुनरागमन

संग्रामपूर तालुक्याच्या सीमेलगत, जेथें सातपुडा मैदानास मिळतो तेथें, वान नदीवर हनुमान सागर हें धरण आहे. त्याच्या पायथ्याशीं दीड मेगावाटचें एक जलविद्युत्-केंद्र आहे. कोयनेच्या सुमारें २००० मेगावाटांपुढें त्याची गणना कोण करील? तथापि विजेचा इतिहास पाहूं जातां अशा लहान केंद्रांकडे पुनः वळावें लागतें.

विजेचा व्यापार मुळीं सुरू झाला तोच लहान वीजघरांतून. १८८२ सालीं एडिसननें न्यूयॉर्कमध्यें पर्ल स्ट्रीटवर उभारलेलें केंद्र आसपासच्या कांहीं रस्त्यांपुरतेंच होतें. आपल्याकडेही पुष्कळ शहरांत प्रथम वीज आली ती गांवच्याच इंजिनाची. इंजिन थांबलें कीं गांव अंधारांत. १९१५ मध्यें टाटांनीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस पोंचविली, आणि दूरच्या मोठ्या केंद्रांचें युग आलें. १९४८ च्या कायद्यान्वयें प्रांतोप्रांतीं वीजमंडळें निघालीं; महाराष्ट्राचें मंडळ १९६० चें. या जाळ्यानें खेड्यांत दिवा नेला, हे उपकार विसरतां येणार नाहींत. मात्र त्याची रचना पाटाच्या पाण्यासारखी एकाच दिशेची होती. टोंकाच्या शेतकऱ्यास पंपासाठीं कित्येकदां रात्रीचीच पाळी मिळे, आणि विंचूकाट्याच्या भीतीनें कंदील घेऊन त्यास पिकांत हिंडावें लागे.

२००३ च्या कायद्यानें वीजनिर्मितीवरील परवान्याचें बंधन बहुतांशीं उठविलें. २०१५ मध्यें राज्याच्या वीज नियामक आयोगानें छपरावरील सौरवीज तारेंत सोडण्याचे नियम केले; दिलेल्या विजेची घेतलेल्या विजेशीं वजावट होऊं लागली. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेचा उद्देश शेतीस दिवसा वीज मिळावी हा होता, आणि त्याकरितां ग्रामीण उपकेंद्रांजवळच सौरप्रकल्प जोडावयाचे ठरलें. पाट आतां उलटाही वाहूं लागला.

परंतु उलट्या प्रवाहास मर्यादा आहेत. रोहित्राच्या शक्तीबाहेर वीज त्यांत लोटतां येत नाहीं. शिवाय तारेंतली वीज गेली कीं जोडलेलें सौरयंत्रही आपोआप बंद होतें. तें चालूं राहिल्यास दुरुस्तीस चढलेल्या कामगाराचा जीव जावयाचा. म्हणून साठ्याची निराळी सोय नसेल, तर डोक्यावर लख्ख ऊन असतांही घरांतला पंखा थांबतो.

पूर्वींचें गांवचें इंजिन बंद पडलें, तर त्याच्या मदतीस कोणी नव्हतें. आजच्या लहान केंद्रास सारें जाळें मदतीस आहे, पण जाळें पडलें कीं तेंही पडतें. तेव्हां खेड्यांत नवे सौरपट मांडतांना जुनी तार व रोहित्र सुधारण्याचा खर्च आधीं धरला पाहिजे.