वंगण आणि इतिहासलेखन

इतिहासात पराक्रमाची नोंद होते, देखभालीची सहसा होत नाही. असे का होते, हे पाहण्यासाठी आम्ही येथे एक अगदी क्षुल्लक वस्तू निवडली आहे : जेट बोटीच्या बेअरिंगला ग्रीस पाजण्याचे निपल.

१९५०च्या दशकात न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर विल्यम हॅमिल्टन या मेंढपाळ-अभियंत्यापुढे एक अडचण होती. तेथील नद्या उथळ, वेगवान आणि दगडगोट्यांनी भरलेल्या. नावेखाली लोंबणारा पंखा त्यांत टिकणे कठीण. हॅमिल्टन यांनी पंखा नावेच्या पोटातच घेतला. तळातून पाणी ओढून ते मागील तोटीतून जोराने फेकायचे, की नाव पुढे जाते. १९६० साली अशा बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडोच्या प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९७७ साली एडमंड हिलरी गंगासागरापासून गंगेतून वर निघाले तेही जेट बोटींतूनच; हॅमिल्टन यांचे पुत्र जॉन त्या मोहिमेत होते. नंदप्रयागाजवळ धबधब्याने वाट अडवली आणि पुढचा प्रवास पायी झाला.

इतिहास एवढे सांगून थांबतो. आम्हांस मात्र त्या यंत्रात थोडे वाकून पाहावेसे वाटते. पंखा ज्या दांड्यावर फिरतो, त्याच्या इंजिनाकडील टोकाला एक बेअरिंग असते. पंख्यावर येणारा रेटा नावेच्या अंगाला पोचतो तो या बेअरिंगमधून; म्हणजे प्रवाहाशी चाललेली सारी झुंज ग्रीसच्या एका पातळ थरावर तोललेली असते. हॅमिल्टन पद्धतीच्या अनेक यंत्रांत मागील टोकाच्या रबरी बेअरिंगला ग्रीस लागत नाही. नदीचे पाणीच त्याचे वंगण. पण पाण्यात रेती असली, की तेच पाणी त्याला झिजवते.

ग्रीस देण्याचे काम वरकरणी यांत्रिक आहे. आधी निपल पुसायचे, नाहीतर ग्रीसबरोबर कचही आत जाते. मग गन सावकाश दाबायची. ग्रीस कमी पडले तर बेअरिंग झिजते, जास्त झाले तर तापते. बाहेर येणारे जुने ग्रीस दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. त्यात धातूची चमक दिसली तर बेअरिंग खंगत आहे. जाणता हात ही चिन्हे वाचतो. आमच्या मते हेही एक वाचनच आहे.

डेव्हिड एजर्टन यांनी २००६ सालच्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या आणि देखभालीच्या अंगाने लिहावा, असा आग्रह धरला. त्यातली अडचण आपली मराठी भाषा नेमकी दाखवते. वंगण नसलेले चाक कुरकुरते, आणि ‘कुरकुर’ म्हणजे तक्रारही. जे कुरकुरते त्याची दखल घेतली जाते. जे वेळेवर वंगण मिळाल्याने मुकाट फिरत राहते, ते कागदावर येत नाही. चोख देखभालीचा पुरावा म्हणजे न घडलेला अपघात, आणि न घडलेल्या गोष्टीचे दफ्तर कोणी ठेवत नाही.

म्हणून प्रवासवर्णने शिकताना आणि शिकवताना आपण एक प्रश्न जवळ बाळगावा : दिवसभराची मजल मारून मंडळी तंबूत विसावली, तेव्हा काठावरच्या नावेपाशी कोण बसले होते? उत्तर पुष्कळदा त्या पुस्तकात सापडणार नाही. तरीही प्रश्न विचारला, की नायकाच्या आसपासची रिकामी जागा दिसू लागते.