डेल्सन : जंक्शनातून जन्मलेले गाव

मॉन्ट्रियलच्या दक्षिणेला सेंट लॉरेन्स नदी ओलांडली की लागणाऱ्या गावांची नावे नकाशावर ओळीने वाचावीत, म्हणजे चर्चमधली संतनामावळी वाचल्यासारखे वाटते : सें-कॉन्स्तां, सेंत-कात्रीन, सें-फिलीप, सें-मात्यू. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात हे नेहमीचेच. फ्रेंच अमदानीपासून पॅरिशच्या संताचे नाव गावाला मिळत आले. या संतांच्या गर्दीत ‘डेल्सन’ या नावापाशी माझी नजर अडखळली. हा संत नव्हे, शब्द फ्रेंच नव्हे, मूळनिवासी मोहॉकांच्या भाषेतलाही नव्हे. मी या गावात कधी गेलेलो नाही. जुन्या रेल्वे वेळापत्रकांच्या नादातून मी तिथवर पोचलो.

नावाचा उलगडा सोपा आहे. ‘डेलावेअर अँड हडसन’ या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या नावातले पहिले ‘डेल’ आणि शेवटचे ‘सन’ जोडले, झाले डेल्सन. तारेच्या खर्चात काटकसर करणाऱ्या कुणा कारकुनाला सुचावे असे हे नाव. फ्रेंच डोळ्यांना मात्र त्याच्या शेपटात त्यांचा ‘सों’ हा शब्द दिसत असणार. त्याचा एक अर्थ ‘आवाज’. रुळांच्या सांध्यावर वसलेल्या गावाला तो शोभतोही.

ज्या कंपनीचे हे नाव, तिचा क्यूबेकशी मुळात काही संबंध नव्हता. १८२३ साली ती कालवा खणण्यासाठी निघाली. पेनसिल्व्हेनियातला दगडी कोळसा हडसन नदीपर्यंत आणि तिथून न्यूयॉर्कला पोचवायचा, एवढाच हेतू. ८ ऑगस्ट १८२९ रोजी होन्सडेल येथे तिने इंग्लंडहून आणलेले ‘स्टूरब्रिज लायन’ हे वाफेचे इंजिन चालवून पाहिले. लाकडी रुळांना ते फार जड ठरले आणि चाचणीपुरतेच राहिले. तरी अमेरिकेच्या रेल्वे-इतिहासात त्याचे स्थान पहिल्या पानावर आहे. पुढे कालवा मागे पडला, रेल्वे वाढली आणि कोळशाच्या गिऱ्हाइकाच्या शोधात उत्तरेकडे सरकत राहिली. थंडीने गोठणाऱ्या मॉन्ट्रियलपेक्षा चांगले गिऱ्हाईक कोणते? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरहद्दीपलीकडची ‘नेपियरव्हिल जंक्शन’ ही छोटी रेल्वे तिने ताब्यात घेतली. ती रेल्वे कॅनेडियन पॅसिफिकच्या मार्गाला जिथे मिळाली, तिथे डेल्सन.

आपल्याकडे मनमाड किंवा भुसावळ रेल्वेने वाढवले, पण नाव रुळांच्या आधीचे होते. इथे आधी कंपनी, मग जंक्शन आणि त्यामागून गाव. १९१८ मध्ये त्याची स्वतंत्र नगरपालिका झाली. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांना क्रिओसोट पाजणारा कारखानाही गावाजवळ उभा राहिला. क्रिओसोट म्हणजे डांबरापासून निघणारे तेल. ते मुरवले की लाकूड कुजत नाही. म्हणजे नाव रेल्वेचे आणि गावाच्या हवेतला वासही रेल्वेचाच.

डेल्सनहून मॉन्ट्रियलला जाणारी गाडी काहनावाके या मोहॉक वसाहतीजवळ नदी ओलांडते. तिथला पूल १८८० च्या दशकात बांधला गेला तेव्हा कंपनीने मोहॉक पुरुषांना कामावर घेतले. उंच लोखंडी सांगाड्यांवर काम करण्याची त्यांची पुढची सारी परंपरा, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींपर्यंतची, या पुलापासून सुरू झाली असे मानतात. २९ ऑगस्ट १९०७ रोजी क्यूबेक शहराजवळचा अर्धवट पूल कोसळला, त्यात ७५ कामगार गेले. त्यांतले ३३ काहनावाकेचे. रेल्वेने या टापूला काय दिले याचा हिशेब मांडताना हा आकडा वगळून चालत नाही. ६ जुलै २०१३ चा लाक-मेगांतिकचा स्फोट हाही त्याच हिशेबातला. ४७ माणसांचा बळी घेणारी ती तेलगाडी मॉन्ट्रियलहून निघून याच मार्गाने पूर्वेकडे गेली होती.

१९७७ च्या भाषाकायद्यानंतर क्यूबेकमध्ये पाट्या फ्रेंच झाल्या, स्थलनामांसाठी आयोग बसला. पुढे मॉन्ट्रियलचा डॉर्चेस्टर बुलव्हार रने लेव्हेकच्या नावाचा झाला. डेल्सन मात्र डेल्सनच राहिले. मला वाटते, या नावातला इंग्रज कुणाला दिसलाच नाही. डॉर्चेस्टर हा माणूस होता, गव्हर्नर होता, त्याच्यावर राग धरता येत होता. ‘डेल’ आणि ‘सन’ यांवर कोण रागावणार? तोडमोड करून बनवलेले नाव कुणाचेच नसते, म्हणून ते तिथे राहणाऱ्यांचे होऊ शकते.

कंपनीचे नशीब वेगळे. न्यूयॉर्क–मॉन्ट्रियल धावणाऱ्या तिच्या उतारूगाड्या १९७१ मध्ये थांबल्या, १९८८ मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि १९९१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिकने तिला विकत घेतले. पुरावे जपायचे काम शेजारच्या सें-कॉन्स्तांकडे गेले. क्रिओसोट कंपनीने दिलेल्या जमिनीवर तिथे रेल्वे-संग्रहालय उभे आहे. वेगाचा विक्रम करणाऱ्या ‘मॅलार्ड’चे भावंड ‘डोमिनियन ऑफ कॅनडा’ हे इंजिनही तिथे आहे. रेल्वेवेड्यांना हे ठिकाण माहीत असते. लागून असलेल्या गावाच्या नावाचा अर्थ त्यांतल्या कितींना माहीत असेल, कोण जाणे.

२००१ मध्ये या मार्गावर मॉन्ट्रियलची उपनगरी गाडी सुरू झाली आणि मार्गाला नाव मिळाले डेल्सन. रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे, म्हणून उपनगरी गाडी फक्त कामाच्या दिवशी आणि मोजक्या वेळांना धावते. २००५ मध्ये मार्ग एक स्थानक पुढे नेला, कांदियाकपर्यंत. कांदियाक ही १९५७ मध्ये आखून वसवलेली वस्ती. तिचे नाव फ्रान्समधल्या एका गढीवरून घेतले आहे, जिथे माँकाल्म जन्मला. १७५९ मध्ये इंग्रजांशी लढताना क्यूबेकजवळ पडलेला फ्रेंच सेनापती तो हाच. मार्गाचे नाव आधी ‘डेल्सन-कांदियाक’ झाले, मग नुसते ‘कांदियाक’. डेल्सन आता त्या मार्गावरचे शेवटून दुसरे स्थानक आहे.