बालोद्यानातील सेवा : पंडिता रमाबाईंच्या कार्याच्या अनुषंगाने काही विचार

उज्जैन येथील नानाखेडा भागातील एका लहानशा बालवाडीस आम्ही भेट दिली असता तेथील ख्रिस्ती शिक्षिकेने आम्हांस एक प्रश्न विचारला. वर्गातील बहुतेक मुले अन्यधर्मीय आणि तीन ते पाच वर्षांची. त्यांना धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, आणि त्यांचे ते वयही नव्हे. "फादर, दिवसभर नाके पुसायची, डबे उघडून द्यायचे, गाणी म्हणायची. यात ख्रिस्ताची सेवा ती कोणती?" त्या वेळी आम्ही दिलेल्या उत्तराने आमचेच समाधान झाले नाही. म्हणून इतिहासाकडे वळून या प्रश्नाचा पुन्हा विचार करावा, असे आम्हांस वाटले.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. बालकांना घेऊन येणाऱ्यांना शिष्यांनी दटावले आणि प्रभू शिष्यांवरच रागावला. परंतु प्रवचनात एक गोष्ट आपल्या नजरेतून सहसा निसटते. त्या बालकांना प्रभूने काही शिकविले, असे मार्क म्हणत नाही. त्याने त्यांना कवेत घेतले, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. उपदेश होता तो मोठ्यांसाठी.

बालशिक्षणाच्या आधुनिक पद्धतीचा उगमही एका ख्रिस्ती घरातच आढळतो. फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२-१८५२) हा जर्मनीतील एका लूथरपंथीय पाळकाचा मुलगा. तो वर्षाचा होण्यापूर्वीच त्याची आई वारली. मातृसुखाला पारख्या झालेल्या या पुरुषाने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी खेळातून शिक्षणाची संस्था काढली व १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. मूल हे ईश्वराच्या हातचे रोप आहे, शिक्षक हा केवळ माळी, अशी त्याची धारणा होती. तरीही १८५१ साली प्रशियाच्या सरकारने नास्तिकतेच्या संशयावरून बालोद्यानांवर बंदी घातली. ती १८६० मध्ये उठली. फ्रोबेल मात्र तत्पूर्वीच निवर्तला होता.

हे बी महाराष्ट्राच्या भूमीत आणणाऱ्यांमध्ये पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) स्थान मोठे आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथेच फ्रोबेलच्या पद्धतीचे रीतसर शिक्षण घेऊ लागल्या. संस्कृत शास्त्रांत पारंगत झालेली ही विदुषी लाकडी ठोकळे आणि रंगीत चेंडू हाताळण्यास शिकत होती, हे चित्र आम्हांस फार बोलके वाटते. मराठी क्रमिक पुस्तकांची योजनाही त्यांनी तेथेच आखली. ज्या बालविधवांसाठी हे सारे चालले होते त्यांतील अनेकजणी वयाने मुलीच होत्या. त्यांचे हरपलेले बालपण त्यांना परत मिळावे आणि उद्या त्यांनीच शिक्षिका होऊन स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा तो दुहेरी हेतू होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. १८९० साली ते पुण्यास गेले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई, म्हणजे पुढील काळातील आनंदीबाई कर्वे, या होत्या. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे अभिवचन होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत कन्या मनोरमेसह प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे आपण प्रामाणिक असावयास हवे. रानडे व भांडारकर हे स्त्रीशिक्षणाचे शत्रू नव्हते, मित्र होते. अल्पवयीन मुलींवर नकळत पडणाऱ्या प्रभावाविषयीची त्यांची चिंता तुच्छ लेखता येत नाही. दुसऱ्या बाजूस, आपली प्रार्थना दार लावून चोरून करावी, हे रमाबाईंना मान्य होण्यासारखे नव्हते. फ्रोबेलवर नास्तिकतेचा आरोप आला, तर रमाबाईंवर धर्मांतराचा. बालकांत काम करणाऱ्याकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले जाते, कारण बालकाचे मन ज्याच्या हाती त्याच्या हाती भविष्य, हे सर्वांनाच ठाऊक असते.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या व तेथून सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. केडगावचे मुक्ति सदन हे उघडपणे ख्रिस्ती होते. परंतु दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाईंना त्या मुलींत प्रथम दिसली ती भूक.

बालसेवा ही काही आपली मिरासदारी नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांसमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेली. अनुताई वाघ यांनी ते कार्य चालविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात तेहेतीस ठिकाणी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने 'अंगणवाडी' हा शब्द गावोगावी पोहोचविला. ज्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले नाही त्यांनीही बालकांना कवेत घेतले, याचा आपणांस आनंदच व्हावा.

मग ख्रिस्ती हेतू तो कोणता? द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात दोन गोष्टी स्पष्ट केल्या : अपत्यांच्या धार्मिक शिक्षणाचा निर्णय हा पालकांचा हक्क आहे, आणि श्रद्धेचा प्रसार करताना दबाव वा अनुचित प्रलोभन, विशेषतः गरीब व अशिक्षितांच्या बाबतीत, वर्ज्य आहे. बालवाडीच्या उंबरठ्यावर ही दोन्ही तत्त्वे नेमकी लागू पडतात. मुलाच्या अजाणतेपणाचा लाभ उठविणे हा हेतू ख्रिस्ती असूच शकत नाही. परंतु शिक्षिकेने आपली श्रद्धा लपवावी, असाही याचा अर्थ नव्हे. रमाबाईंचे दार उघडे होते. ते कोणास आत ओढण्यासाठी नव्हते.

नानाखेड्याच्या त्या भगिनीस आज आम्ही असे सांगू : मूल तुमच्याकडे साधन म्हणून येत नाही, ते स्वतःच पाहुणे आहे, आणि अशा बालकाचा स्वीकार म्हणजे आपलाच स्वीकार, असे प्रभू म्हणतो. त्याचे नाक पुसणे ही सेवेची पूर्वतयारी नव्हे, तीच सेवा होय. आपणा धर्मगुरूंवर व धर्मशिक्षकांवर याहून एक जबाबदारी येते. शिष्यांनी दटावले ते बालके कमी महत्त्वाची वाटली म्हणून. बालवाडीची शिक्षिका धर्मग्रामात सर्वांत कमी मानाची व सर्वांत कमी वेतनाची राहत असेल, तर प्रभूचा राग आजही कोणावर आहे, हे निराळे सांगावयास नको.