फितीकडून तबकडीकडे : एका लघुव्यवसायाची वाटचाल

आपल्या समाजातील अनेक घरांच्या कपाटांत काळ्या व्हिडिओ कॅसेटींचा एखादा गठ्ठा आजही सापडतो. कोणावर विवाहाचे, कोणावर पंचकल्याणक पूजेचे, तर कोणावर चातुर्मास प्रवेशाचे नाव लिहिलेले असते. या कॅसेटी ज्यांनी सिद्ध केल्या, त्या गावोगावच्या छोट्या व्हिडिओ व्यावसायिकांचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना त्याची नोंद घेणे उचित ठरेल.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस पद्धती बाजारात आणली. भारतात १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि व्हीसीआरचा प्रसार झपाट्याने झाला. गावातला छायाचित्रकारच बहुधा खांद्यावरचा कॅमेरा घेऊन ‘व्हिडिओवाला’ झाला. त्याचे संकलन म्हणजे दोन व्हीसीआर. एकावर मूळ फीत चालवायची व दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग उतरवायचा. मध्येच एखादा प्रसंग राहून गेला, तर पुढचे काम पुन्हा करावे लागे. प्रतीवरून प्रत काढताना चित्रही दर वेळी थोडे फिके होई.

१९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता व जेव्हीसी यांनी व्हीसीडीचे मानक निश्चित केले. काही वर्षांतच ग्राहक तबकडी मागू लागले आणि व्यावसायिकापुढे पेच उभा राहिला. हप्ते फेडून नुकतीच आपली झालेली यंत्रे बाजूला ठेवून संगणक, कॅप्चर कार्ड व सीडी रायटर घ्यायचा होता. डीव्ही कॅमेऱ्याचे एका तासाचे चित्रण संगणकात सुमारे १३ जीबी जागा व्यापी. त्या काळच्या हार्ड डिस्कला हा भार जड होता.

नवे ते सर्वच सरस नव्हते. व्हीसीडीवर ७४ मिनिटेच मावत, म्हणून तीन तासांच्या कॅसेटीच्या तीन तबकड्या होत. तसेच या पद्धतीत स्थिर भाग पुन्हा न नोंदवता मुख्यतः चित्रातील बदलच नोंदवले जात. मंगलाष्टके संपून अक्षता उधळल्या जात, तेव्हा सारे चित्रच एकदम बदले आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर चौकोन उमटत. वधूवरांचे मुख हरवे आणि बोल मात्र व्हिडिओवाल्यास लागे.

१९९६ अखेर जपानमध्ये डीव्हीडी प्लेअर विक्रीस आले. ४.७ जीबीच्या त्या तबकडीवर सुमारे दोन तासांचे चित्रण चांगल्या दर्जाने मावू लागले. पुढे आपल्याकडेही डीव्हीडी रुळली, तेव्हा हा दोष बराचसा दूर झाला. परंतु दुसरीकडे मिळकत घटली. पूर्वी पाहुण्यांसाठी जादा प्रती व्हिडिओवाल्याकडूनच घ्याव्या लागत. आता घरच्या संगणकावर हुबेहूब प्रत निघू लागली. जुन्या कॅसेटी तबकडीवर उतरवून देणे, हाच मग अनेकांचा आधार ठरला.

जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. घरातील कॅसेटींवर पावसाळ्यात बुरशी चढते आणि चालविण्यास यंत्र मिळत नाही. तबकडीही अमर नाही. घरी लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्याचा थर ऊन व उष्णतेने बिघडतो, आणि आज बहुतेक नव्या संगणकांत ती घालण्याची सोयच नसते.

आपले आगमग्रंथ टिकले, ते एकच ताडपत्र अक्षय होते म्हणून नव्हे, तर पिढ्यान्पिढ्या त्यांच्या प्रती होत राहिल्या म्हणून. श्रुतपंचमीस आपण शास्त्रे बाहेर काढतो, झटकतो, नवी वेष्टने घालतो. त्याच दिवशी कपाटातील कॅसेटी व तबकड्याही बाहेर काढाव्यात आणि हार्ड डिस्कवर त्यांच्या दोन प्रती करून त्या दोन घरी ठेवाव्यात. आज आपल्यात नसलेल्या आजी-आजोबांचा चालता-बोलता आवाज कदाचित तेथेच, आणि केवळ तेथेच, शिल्लक असेल.