शत्रूच्या दप्तरांतलें आपलें आरमार

जुने कागद म्हटले कीं आपल्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्या घरीं मोडी कागदांचा एक रुमाल होता. माझ्या लहानपणीं तो थोडाथोडा करून बंबांत गेला. वाचणारें कोणी नव्हतें, आणि पाणी तर रोज तापवायचें होतें! त्यांत काय होतें तें आतां कोण सांगणार?

हें आठवण्याचें कारण शिवाजीमहाराजांचें आरमार. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आपण सहलींत पाहतों. पण महाराजांचीं पहिलीं गलबतें कोठें, कोणाच्या हातून झालीं, हें विचाराल तर पोर्तुगीजांच्या कागदांकडे जावें लागतें. कल्याण-भिवंडीकडे गलबतें बांधलीं जात असल्याची १६५९ सालची बातमी त्यांत आहे. रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज आणि त्याचीं माणसें त्या कामावर होतीं. वसईच्या कप्तानानें त्यांना फितवलें, आणि तीं काम टाकून निघून गेलीं. तरी आरमार झालेंच!

हे कागद टिकले, कारण गोव्यांत १५९५ सालींच दप्तरखाना स्थापन झाला होता. पोर्तुगालचीं जहाजें मोसमी वाऱ्यांवर येत-जात. त्यांच्याबरोबरचा पत्रव्यवहार बांधून ठेवीत. त्या बाडांना नांवच पडलें 'मोसमांचीं पुस्तकें'. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं या दप्तरांत उभा जन्म घालविला. त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ पुणें विद्यापीठानें १९६७ सालीं काढला.

पण शत्रूला गलबतांची भीति. तो गलबतें मोजणार. तांडेलाला पगार काय मिळे, खलाशी बुडाला तर त्याच्या बायकोचें पुढें काय झालें, हें त्याला कशाला हवें? तें मोडींत शोधावें लागतें. पुण्याचें पेशवे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या हातीं गेलें. इनामांच्या चौकशीला उपयोगी म्हणून त्यांनीं तें जपलें! रियासतकार सरदेसायांनीं त्यांतले निवडक कागद १९३० ते १९३४ मध्यें ४५ भागांत छापविले. बाकीचे रुमाल कितीतरी मोठे.

गेल्या मे महिन्यांत नणंदेच्या कोंकणांतल्या घरीं माळ्यावर लाल फडक्यांत बांधलेला एक रुमाल निघाला. ती उन्हांत टाकायला निघाली होती. मीं हात धरला. तो आतां सावलींत मोकळा करून ठेवला आहे. मोडी वाचणारे एक गृहस्थ दिवाळीनंतर येणार आहेत.