वाचन सुधारण्यास आधार कोणाचा?
वाचनात मागे पडलेल्या मुलास पहिला आधार शिक्षकाचा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले. मुलांस रोज नवे, जिव्हाळ्याचे वाचावयास मिळे.

दुसरा आधार घराचा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) निरक्षर होत्या; त्यांची गाणी घरच्यांनी लिहून घेतली व १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. ही रीत निरक्षर प्रौढांसही उपयोगी आहे. त्यांनी अहिराणीत सांगितलेले मुलाने लिहावे व तेच त्यांस वाचावयास द्यावे; ओळखीचे शब्द लवकर उमगतात. पुढे जळगाव, धुळ्यातील वाचनालयांचे ग्रंथपाल सोपी पुस्तके सुचवू शकतात.

अक्षरांचा गोंधळ कायम राहिल्यास डोळे व कान तपासून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुलास आळशी ठरवू नये.